गांडुळांचा पाहुणचार

सोलापूरहून अणदूरकडे जाणाऱ्या एसटीत मी चढले ती लाकडी खोकं घेऊन. खोक्यावर ओलं पोतं.

"काय हाय ह्यात, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"गांडुळं."

तो दोन पावलं मागं सरला. "असू द्या. त्यांचं तिकीट न्हाय," म्हणाला. सगळी गाडी हसली.

पुण्यात माझ्या वर्गातल्या मुलांना मी खरकट्याचं खत करायला शिकवलं होतं. त्या यशाची हवा माझ्या डोक्यात गेली होती. दुष्काळी मुलखातल्या एका शाळेनं बोलावलं आणि मी निघालेच.

नळदुर्गला गाडी थांबली. पोतं भिजवायला चहावाल्याकडं पाणी मागितलं, तर त्यानं अर्धाच पेला दिला. पुढं दोन्ही बाजूंना बोडकी रानं. अणदूरच्या पुढच्या वस्तीवर उतरले तेव्हा टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागली होती. हे सगळं मी पाहिलं, पण त्यातून काही शिकले नाही.

शाळेत मुलं खोक्याभोवती गोळा झाली. गांडुळं पाहून खिदळली. "उद्या घरचं उरलंसुरलं आणा, यांना जेवू घालू," असं मी फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस मुलांनी फडक्यात बांधून चतकोर भाकरी आणली. मी बोलत बोलत एकेक तुकडा कुस्करून शेणमातीत मिसळत गेले. शेवटी कमळ नावाच्या मुलीची भाकरी हातात आली. मऊ होती, अजून कोमट.

"ही शिळी नाही गं."

"न्हाय. आयनं सकाळी थापली."

"पण मी उरलेलं आणायला सांगितलं होतं."

"उरत न्हाय, ताई." जणू तिचाच अपराध होता. "आय म्हणली, बाई एवढ्या लांबून मुके जीव घेऊन आल्यात. पाव्हण्याला उपाशी ठेवू न्हाय."

"आणि तू काय खाल्लंस?"

ती खोक्यात बघत राहिली. "ती लई बारकी हायती," एवढंच म्हणाली.

तिची भाकरी मी परत दिली, तर तिनं हात मागं घेतले. दिलेलं परत घेत नाहीत, म्हणाली. शेवटी तीही खोक्यातच ठेवली. बाकीच्यांची तर शेणात गेलीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "एरवी उरलं तर गाईला जातं. आता गाईबी चारा छावणीत गेल्या. खोकं इथं ठेवलं तर पोरं रोज तोंडचा घास काढतील, ताई."

मी खोकं उचललं. कमळ सडकेपर्यंत त्याचा एक कोपरा धरून आली.

"आमचं काय चुकलं का, ताई?"

"नाही गं, माझं चुकलं," म्हणायचं होतं. तेवढ्यात गाडी आली, आणि ते राहून गेलं.

दोन महिन्यांनी पुण्यात पोतं उचललं. काळंभोर, भुसभुशीत खत तयार झालं होतं. कुंडीतल्या गुलाबासाठी मूठभर घेतलं, आणि कमळची कोमट भाकरी हाताला आठवली. मूठ परत खोक्यात सोडली.

खत अजून तसंच आहे.