आक्काताईंचं ‘उजाडलं’

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या गावात सकाळ एकदाच होत नाही. मागच्या गल्लीतला बिराप्पा तांबडं फुटलं म्हणून शेरडं सोडतो. डेअरीचा नानासो फटफटलं म्हणून गाडीचा हॉर्न वाजवतो, तोवर बिराप्पाची शेरडं ओढ्यापलीकडे गेलेली असतात. माझ्या नवऱ्याचं, बाळगोंडाचं, आठ वाजता उजाडतं. पण आमच्या जैन गल्लीत उजाडलं म्हणायचा अधिकार एकट्या आक्काताईंचा.

आक्काताई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. दिवस मावळला की आम्ही जेवत नाही, कडक पाळणारे पाणीसुद्धा घेत नाहीत. सकाळी दिव्याशिवाय, नुसत्या उजेडात तळहातावरच्या रेघा दिसल्या की मग पहिला घोट. वेळ पंचांगात छापलेली असते, मोबाईलमध्येही असते, पण आत्तींच्या मते ती छापणाऱ्याच्या गावची सकाळ. उपवासाच्या पारण्याला गल्लीतल्या बायका तांब्या घेऊन आमच्या दाराशी उभ्या राहायच्या. आत्ती अंगणात हात धरायच्या, निरखायच्या आणि म्हणायच्या, “उजाडलं.” मगच सगळ्यांच्या घशाखाली पाणी उतरायचं. मी नवी नवरी असताना उशिरा उठले की विचारायच्या, आता उजाडलं व्हय तुला? तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसलाय.

दोन वर्षांपासून मोतीबिंदूमुळे आत्तींना रेघा दिसतच नव्हत्या. मला हे कळलं, कारण एकदा नानासोची गाडी बंद पडली आणि लख्ख उजेडात आत्ती हात धरून उभ्याच राहिल्या. हॉर्न ऐकू आल्याशिवाय त्या बोलत नव्हत्या. मी कुणाला सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवलं होतं.

गेल्या भाद्रपदात माझ्या ब्राह्मीनं, एकोणीस वर्षांच्या लेकीनं, पर्युषण पर्वाचे शेवटचे तीन दिवस उपवास धरले. दुपारी एकदा गरम पाणी, बस्स. तिसऱ्या दिवशी तेही उलटून पडलं. पारण्याच्या पहाटे चार-सव्वाचारला बघते तर तिचे हातपाय गार, जीभ कोरडी, बोलणं अडखळतंय. डॉक्टर फोनवर म्हणाले, साखर-मिठाचं पाणी आत्ताच्या आत्ता घोटघोट पाजा आणि घेऊन या. बाळगोंडा शेजाऱ्यांची गाडी आणायला पळाला. मी पेला तिच्या तोंडाला लावला. पोरीनं दात आवळले. आजी म्हटल्याशिवाय नाही, एवढंच पुटपुटली.

मी गयावया केली, दम दिला. जबरदस्तीनं पाजायला गेले तर सगळं पाणी गळ्यावर सांडलं. आत्ती कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या. माझा तोल गेला. दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

“तुमाला रेघा कुठं दिसत्यात, आत्ती? दोन वर्सं झाली, नानासोच्या हॉर्नवर गल्लीला पाणी पाजताय. आज माझी लेक जायची वाट बघताय काय?”

त्यांनी दंड सोडवून घेतला. माळ कमरेला खोवली आणि भिंत चाचपत अंगणात गेल्या. बाहेर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. त्यांनी हात वर धरला असावा, मला नुसती बांगडी वाजलेली ऐकू आली. हॉर्नवर का होईना, या बाईनं आजवर अंधाराला कधी उजेड म्हटलं नव्हतं. एवढं मलाही मान्य होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती.

आत येऊन त्या ब्राह्मीच्या उशाशी बसल्या.

“उजाडलं. पी बाळा.”

ब्राह्मीनं खिडकीकडे मान वळवली. “आजी, अंधार हाय.”

“मला रेघा दिसल्या. तू पी. पाप असलं तर माझं.”

पोर आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं ओठ उघडले. मी चमच्याचमच्यानं पाणी सोडत गेले.

दवाखान्यात दोन सलाईन लागली. जरा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी परत आलो तेव्हा शेजारच्या क्रांतीनं गाठून सांगितलं. सकाळी बायका तांब्या घेऊन आल्या, तेव्हा आत्तींनी हात धरलाच नव्हता. मला रेघा दिसत नाहीत, आज मी अंधारात उजाडलं म्हटलं, इथून पुढं मला विचारू नका, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि तेव्हापासून स्वतः पाण्याला शिवल्या नव्हत्या. मी पेला घेऊन गेले तर म्हणाल्या, उद्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. ओठांना चिरा पडल्या होत्या. ब्राह्मी भिंतीला धरून त्यांच्याशेजारी टेकली. आत्तींनी आपला तळहात तिच्यापुढे केला. “बघ गं.”

मी पेला घेऊन मागे उभी होते. म्हातारीनं हिच्यासाठी काय केलं ते हिला ठाऊक होतं. हिनंही पटकन म्हणून टाकावं असं मला वाटत होतं. मी खुणावलंसुद्धा.

“न्हाई अजून, आजी,” ब्राह्मी म्हणाली.

आत्तींचा चेहरा एकदम सैल झाला. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “थांबू या.”

बिराप्पाची शेरडं गेली. नानासोचा हॉर्न वाजला. मी पेला पुढे केला, पण ब्राह्मीनं मान हलवली. तिनं आजीचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि त्याच्यावर वाकून बघत होती. मला माझीच लाज वाटली.

मग ती म्हणाली, “उजाडलं.”

आत्तींनी पेल्यासाठी हात पुढे केला. तो भलतीकडेच गेला. मी तो धरला आणि पेल्याशी आणला.