मालतीचा डबा परत येणार नाही

मिरज स्टेशनावर समीर, माझा मुलगा, बॅगा चढवत होता आणि मी डब्याच्या दारात उभी राहून तुमच्याशी वाद घालत होते. आठवतंय ना गं? भिशीतल्या सगळ्याजणी आला होतात. मालतीने स्टीलचा डबा माझ्या हातात कोंबला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, "अगं, तुझ्या लग्नातला डबा हा, परत कसा करू?" तर म्हणाली, "आणून दे की. चार महिन्यांत कंटाळून येशीलच." गाडी हलली आणि मला रडू फुटण्याऐवजी रागच आला. कंटाळून येशीलच म्हणे! पण खरं सांगते, त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं.

त्याला आता चौथं वर्ष लागलंय. तुम्ही काही मागे राहिलात, काहीजणी माझ्यासारख्या मुलांमागे पुण्याला, हैदराबादला, पार अमेरिकेला गेलात. फोनवर सगळ्या एकच विचारता, "सुलभा, तिथे वेळ कसा जातो गं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी जातच नव्हता. इथे कन्नड मुलखात, बनशंकरीत समीरचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. दीप्ती, माझी सून, लाखात एक. दोघं सकाळी लॅपटॉप उघडतात ते दिवे लागेपर्यंत. स्वयंपाकाला लता येते. मी भाजी चिरायला घेतली की ती हातातून सुरी काढून घ्यायची, "बिडी अम्मा, नानु माडतीनी." म्हणजे, राहू द्या, मी करते. समीर म्हणायचा, "आई, आयुष्यभर राबलीस, आता फक्त आराम कर." मेला तो आराम! पोस्टाच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. समोर रांग, मी आत. कुणाची मनीऑर्डर, कुणाची राखी, कुणाला पत्ता लिहून हवा. आणि इथे मी सोफ्यावर बसून दुसऱ्याने दिलेला चहा पितेय. चहा चांगला असायचा. मला तो गिळवत नसे.

बागेत फिरताना कळलं की जवळच्या हॉलमध्ये आपल्यासारखी म्हातारी माणसं एकत्र येऊन स्वयंपाक करतात आणि आसपास एकट्या राहणाऱ्यांना दुपारचा डबा पोचवतात. दुसऱ्या दिवशी साडी बदलून गेले. निखिल म्हणून एक पुण्याचा मुलगा सगळं सांभाळतो. ऑफिस इंदिरानगरला, पण सकाळचे दोन तास इथे. मराठी ऐकून खूश झाला. म्हणाला, "या ना काकू. एकट्याच असता का दुपारी? तुमचं नाव लंच घेणाऱ्यांत टाकू?"

अस्सा राग आला! म्हटलं, "बाळा, मी घ्यायला नाही, द्यायला आलेय." तो ओशाळला. "सॉरी काकू, पण वय..." "वय माझं आहे, तू कशाला वाहतोस?" बाजूला लसूण सोलणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण भांडण कळायला भाषा कुठे लागते! त्याच दिवशी मला चार डबे मिळाले, आणि त्यातला एक कमलक्कांचा होता.

कमलक्का ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्या दिवशी डबा दिला तर म्हणाल्या, "स्वल्प थांबा अक्का." आत जाऊन जेवण आपल्या भांड्यात काढलं, डबा विसळला, पुसला आणि परसातल्या झाडाचा कढीपत्ता त्यात घालून माझ्या हातात दिला. "रिकामा कसा देऊ?"

माझी आई शेजारणीची वाटी परत करताना असंच ओरडायची, "चिमूटभर साखर तरी घाल गं, रिकामं भांडं देतेस काय लोकांना?" मिरजेत आपण सगळ्या तेच करत आलो. ताटलीभर फराळ आला की ताटलीतून दोन लिंबं तरी जायचीच. सातव्या मजल्यावर आल्यापासून माझ्याकडे कुणाची वाटी आली नव्हती आणि माझी कुणाकडे गेली नव्हती.

मग रोजचंच झालं. कधी कढीपत्ता, कधी दोन मिरच्या, कधी नुसता गुळाचा खडा. मी सगळं हॉलच्या स्वयंपाकघरात देऊन टाकायची. माझं पाहून बाकीच्या घरांतूनही डबे असेच येऊ लागले. आणि एका डब्यातलं लोणचं सांडून पुढचे दोन डबे खराब झाले. निखिलने लगेच नियम केला: डबे रिकामेच परत आणायचे, कुणाकडून काही घ्यायचं नाही. "काकू, हायजीनचा प्रश्न आहे. आणि ते गरजू लोक आहेत, आपण त्यांच्याकडून कसं घ्यायचं?" पोराचं मन साफ होतं, म्हणूनच जास्त चीड आली.

नेमकं त्याच आठवड्यात मला सर्दी-तापाने गाठलं. माझ्या जागी गेलेल्या गृहस्थांनी नियम पाळला. कमलक्कांचा कढीपत्ता दारातच परत केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलंच नाही, आतूनच "जेवण नको" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

मला हे कळलं तेव्हा समीर नको नको म्हणत असताना मी मफलर गुंडाळून निघाले. कमलक्का खाटेवर बसल्या होत्या. शेजारी बिस्किटाचा पुडा. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. मग तुमचं मी का खाऊ? मी भीक मागितली होती काय अक्का?" म्हातारी उपाशी राहील, पण रिकामा डबा देणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मीही नसता दिला.

घरी येऊन निखिलला फोनवर चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, नियम एकासाठी मोडला तर सगळ्यांसाठी मोडेल. तुम्हाला पटत नसेल तर थोडे दिवस थांबा." म्हणजे मला घरी बसवणार! समीरही त्याचीच बाजू घेऊ लागला, "आई, कशाला भांडतेस? आपण बाहेरची माणसं." मी म्हटलं, "बाहेरचा तू असशील. मला इथे चार घरची दारं उघडतात. तुझ्या मजल्यावर शेजारी कोण राहतो ते तरी सांग." दीप्ती तोंड फिरवून हसली.

रात्री झोपताना डोक्यात चक्र चालूच होतं. सकाळी ओट्याखालून मालतीचा डबा काढला. झाकणावर 'सौ. मालती हिस' कोरलेलं, अजून स्पष्ट. चिंचेने घासून लख्ख केला आणि हॉलवर जाऊन निखिलसमोर ठेवला. "गटाच्या डब्याला गटाचा नियम. सरी, ठीक? हा डबा माझ्या मैत्रिणीचा आहे. मिरजेचा डबा रिकामा परत जात नाही. यात कमलक्कांचं जेवण भर. लोणचं आणणार नाही, माझा शब्द."

निखिलने डबा पुढे ओढला. मग पळी उचलून त्याने स्वतःच त्यात सांबार ओतलं. तोंडाने हो म्हणाला नाही, आणि मीही वदवून घेतलं नाही.

कमलक्कांनी दार उघडलं. झाकणावरचं नाव बोटाने चाचपत वाचलं. "ही मालती कोण?" म्हटलं, "माझी मैत्रीण. तिला रिकामा डबा चालत नाही." त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डबा कढीपत्त्याने इतका ठासून भरला होता की झाकण बसेना. त्या दुपारी मी तिथेच बसून त्यांना जेवताना पाहिलं. दोनदा भात घेतला बाईंनी.

नियम अजून आहे. बाकीचेही आता आपापल्या घरचे डबे आणतात, आणि निखिल रोज हॉलवर सांबार ओरपतो, पण कढीपत्ता कुणाच्या परसातला हे विचारत नाही. लतालाही मी थोडा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तिने मला सुरी दिली, म्हणाली, "अम्मा, बीन्स चिरून द्या."

तर मालती, दर फोनला विचारतेस, परत कधी येतेस आणि डबा कधी देतेस. ऐक. मिरज माझी आहेच, ती कोण काढून घेतंय? पण माझ्या हातचं घेणारी आणि मला रिकाम्या हाती न पाठवणारी माणसं आता इथे आहेत, आणि मी याला घर म्हणणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझा डबा रोज इथून भरून जातो आणि भरून येतो, तो मी पाठवणार नाही. हवाच असेल तर न्यायला ये. कमलक्का तुला बघायचं म्हणून हटून बसल्यात. आणि येशील तेव्हा रिकाम्या हाताने येऊ नकोस.