नमुन्याची फाइल

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. शिक्षण बेताचंच, पण त्याच्या जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात मेलेला कॉम्प्युटर नेऊन ठेवला की जिवंत होऊन घरी यायचा, म्हणून डॉक्टर. स्वभाव बोलका. बोलका कसला, तोंडाला खीळच नाही! हात स्क्रू काढत असायचे आणि तोंड गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवत असायचं. अनोळखी मेल उघडू नका, चोरांना पैसे देऊ नका, प्रत्येक गोष्टीची कॉपी ठेवा. आणि हाच शहाणा, विकतचं सॉफ्टवेअर कुणाला परवडत नाही म्हणून कुलूप तोडलेल्या प्रती पेन ड्राइव्हवर घेऊन घरोघर फिरायचा. ती प्रत टाकताना अँटीव्हायरस बोंब मारायचा. डॉक्टर त्यालाच बंद करायचा. ‘तो उगाच ओरडतो हो, सवयच आहे त्याची.’

त्याची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. भाऊजी बस स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचे. आवाज असा भरदार, की रस्त्यावर चालणारा माणूससुद्धा आपली गाडी लागली की काय म्हणून थबकायचा. ताई म्हणायची, मी होकार माणसाला नाही, आवाजाला दिला. आणि अशा माणसाच्या नेमकी घशातच गाठ निघावी!

स्वरयंत्र काढावं लागेल, असं हॉस्पिटलने सांगितलं तेव्हा ताई रडली. भाऊजींनी मात्र डॉक्टरला एक चांगला माइक आणायला लावला आणि ऑपरेशनच्या तारखेपर्यंत ते कॉम्प्युटरसमोर बसून बोलत राहिले. पेपर वाचला, विनोद सांगितले, ‘माझा चष्मा कुठे ठेवलास?’ म्हणून ताईवर खोटंखोटं चिडून दाखवलं. म्हणाले, ‘पुढे तुला भांडायला कुणीतरी हवं ना.’

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. भाऊजी पाटीवर लिहून बोलायला लागले. ताई सकाळी भाजी चिरताना एखादं रेकॉर्डिंग लावायची. भाऊजी शेजारी बसून स्वतःलाच ऐकायचे आणि विनोद आला की नुसते खांदे हलवून हसायचे.

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर फार होती. ताईने सहज ते बोलून दाखवलं आणि डॉक्टर लगेच म्हणाला, ‘काढून देतो की! त्यात काय एवढं?’ घरघर काढायचा महागडा प्रोग्राम त्याच्या पेन ड्राइव्हवर होताच. अँटीव्हायरस ओरडला, याने बंद केला, प्रोग्राम टाकला, आणि ‘सुरू व्हायला जरा वेळ लागेल’ असं सांगून दुकानात निघून गेला.

तासाभरात ताईचा फोन आला. ‘अरे, रेकॉर्डिंग लागत नाहीये. सगळ्या फाइलींच्या नावापुढे कसलीतरी विचित्र अक्षरं आली आहेत. आणि एक इंग्रजी चिठ्ठी आहे, पैसे मागतायत.’

डॉक्टर फोनवरच ओरडला. ‘ताई, इंटरनेटची वायर उपट. आधी वायर उपट! आणि कशाला हात लावू नकोस.’

दुकान उघडंच टाकून तो धावला. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं: तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. विश्वास बसत नसेल तर एक छोटी फाइल पाठवा, नमुना म्हणून फुकट उघडून देऊ. बघा, काय उदार लोक!

‘कॉपी आहे ना रे आपल्याकडे?’ ताई म्हणाली. होती. कॉपीची डिस्क कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलेली होती आणि तिचा दिवा शांतपणे लुकलुकत होता. कायम लावूनच ठेव, आपोआप कॉपी होत राहील, हे डॉक्टरनेच शिकवलेलं. कुलूप लावणाऱ्याला काय, जी डिस्क दिसेल ती त्याची. आतली एकेक फाइल त्याने गिळली होती.

डॉक्टर खाली बसला. मग म्हणाला, ‘ताई, हे माझ्यामुळे झालं. तो प्रोग्राम टाकला ना, त्याच्यातूनच हे आत आलं. अँटीव्हायरस ओरडत होता, मीच त्याचं तोंड बंद केलं.’

ताई म्हणाली, ‘ते नंतर. ह्यांचा आवाज परत मिळणार की नाही, तेवढं सांग.’

डॉक्टर कामाला लागला, कारण हात चालवल्याशिवाय त्याला राहवेना. तोच प्रोग्राम जिथे जिथे टाकला होता त्या घरी फोन करून ‘आत्ताच्या आत्ता काढा’ म्हणून सांगितलं. लोकांनी शिव्या घातल्या, त्या मुकाट्याने ऐकल्या. कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठी एका नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली. पुढेमागे कुणाला किल्ली सापडली तर त्याच लागणार होत्या. दुकानातल्या चांगल्या कॉम्प्युटरवर साफसफाईचा पेन ड्राइव्ह तयार केला आणि ताईचा कॉम्प्युटर त्याच्यावरून चालू करून तपासला. आत लपून पुन्हा पुन्हा जागा होणारा तो किडा सापडला. तो काढला, तरी मन मानेना, म्हणून सगळं पुसून नव्याने बसवलं. असले किडे पासवर्डही चोरतात, म्हणून फोनवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. कॉम्प्युटर अगदी स्वच्छ झाला. पण किडा काढला म्हणून कुलूप थोडंच निघतं? फुकट किल्ल्या देणारी एक भल्या माणसांची साइट असते, तिथे चिठ्ठी आणि एक फाइल देऊन पाहिली. उत्तर आलं: या कुलपाची किल्ली सध्या नाही.

‘मग मागतील ते देऊन टाकू,’ ताई म्हणाली.

‘पैसे घेऊनही किल्ली देतीलच याचा भरवसा नाही.’

‘असू दे. आधी तो नमुना तरी माग.’

चोरांशी बोलायचं नाही, हे जन्मभर लोकांना सांगणाऱ्या माणसाने चोरांना अजिजीचं पत्र लिहिलं. ताईला चष्म्याचं भांडण हवं होतं, पण ती फाइल मोठी, आणि कुलपातली फाइल कापून लहान करता येत नाही. चोरांना चालेल एवढी लहान अशी एकच फाइल होती. आत काय आहे, हे भाऊजींनाही आठवेना. तीच पाठवली.

आणि ती उघडून परत आली! ताईला वाटलं, म्हणजे बाकीच्याही येणार. तिने पैशांची जमवाजमव केली. डॉक्टरने ‘देतो’ म्हणून कळवलं, तर मेल आल्या पावली परत: असा पत्ता अस्तित्वात नाही. दुसरा पत्ता होता, तोही मेला. कुठे पकडले गेले, कुठे पळाले, देव जाणे. तळपट होवो त्यांचं. किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

राहिली ती नमुन्याची फाइल. तिघांनी बसून ती ऐकली.

‘हॅलो, हॅलो. येतोय का रे आवाज?’ भाऊजी विचारतात. तोच भरदार आवाज. ताईने तोंडावर पदर धरला.

लगेच डॉक्टर सुरू. ‘येतोय, येतोय! जरा मागे सरा, भाऊजी. हं, असं. आता हे लाल बटण दिसतंय ना, ते दाबलं की...’

‘अगं, ऐकतेस का? मला तुला...’

‘थांबा, थांबा भाऊजी! आधी सेव्ह कसं करायचं ते सांगतो, नाहीतर सगळं फुकट जाईल. हे बघा, इथे यायचं...’ आणि मग शेवटपर्यंत डॉक्टरच बोलतो.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. ‘काय सांगणार होतात?’

भाऊजींनी पाटीवर लिहिलं, ‘आठवत नाही.’

कुलूपबंद फाइलींची ती डिस्क ताईच्या कपाटात आहे. डॉक्टर अधूनमधून त्या साइटवर जाऊन बघतो. किल्ली अजून नाही. दुकान चालू आहे, पण गिऱ्हाइकाशी तो हल्ली कामापुरतंच बोलतो.

परवा सकाळी तो ताईकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत विळीवर भाजी चिरल्याचा आवाज येत होता आणि कॉम्प्युटरवर तीच फाइल लागली होती. ‘अगं, ऐकतेस का? मला तुला...’ आणि त्यावर त्याचंच ‘थांबा, थांबा भाऊजी!’

‘अरे, गप्प बस की मेल्या!’ आतून ताई ओरडली. ‘त्यांना बोलू दे ना!’

तिने फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. डॉक्टरने दारावरचा हात मागे घेतला आणि तो जिना उतरला.