प्राचीसाठी निवडलेल्या स्की

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, इथे बहरीनच्या मराठी मंडळात नाही — आणि प्राचीला तर नाहीच.

पत्रकं लिहिण्यात माझा हात बसलाय. ‘गणपतीत बायका स्वयंपाकघरात आणि पुरुष माईकवर — का?’ हे पत्रक माझं. मंडळाच्या हॉलच्या दारात उभं राहून मी ते एकेकाच्या हातात कोंबलंय. माझ्याबरोबर वाटायला असायची प्राची — बँकेत अकाउंटंट, एका मुलीची आई. मग माझ्यासारख्या माणसाकडे लपवण्यासारखं काय असणार, म्हणाल. थांबा.

हिवाळ्यात आमचा गट जॉर्जियाला जातो. बहरीनच्या रेसिडेंट कार्डावर तिकडे व्हिसाची कटकट नसते, म्हणून इथले निम्मे लोक तिथे बर्फावर घसरत असतात. मी आणि प्राची बरोबरच स्कीइंग शिकायला लागलो. पडायचं थांबलं होतं, पण वळताना स्की आडव्या फरफटायच्या. कार्व्हिंग यायचं होतं — स्की कलवायची आणि तिच्या कडेनेच बर्फ कापत वळायचं, मागे फक्त बारीक रेघ राहते. त्या वर्षी प्राचीची रेघ उमटली. माझी नाही. गटातला एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, “प्राची, ह्याला शिकव गं जरा. नुसती पत्रकं काढतो.” सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्याने.

परत आल्यावर तिला स्वतःच्या स्की घ्यायच्या होत्या. भाड्याच्या दरवेळी वेगळ्या मिळतात, सवय होत नाही. पण इथे विचारणार कुणाला? बर्फच नाही, तर घालून बघणार कुठे? अशा वेळी आपली माणसं ‘त्याने सगळं वाचलंय’ असा कुणीतरी गाठतात. तो मी.

आणि मला माहीत होतं. तिच्यासारखीला मधून अरुंद हव्यात, एका कडेवरून दुसरीवर पटकन जाता येईल अशा. फार ताठ नकोत. उभ्या केल्या तर नाकापर्यंत पुरे. मी नेमकं उलट सांगितलं — रुंद घे, डोक्याच्या वर जाणाऱ्या घे, एकदम ताठ घे. “बायकांच्या गळ्यात मऊ, आखूड, गुलाबी माल मारतात. तू बळी पडू नकोस.” माझ्या पत्रकात शोभेल असं वाक्य. केवढी खूश झाली ती. सीफच्या मॉलमध्ये ऑर्डर देताना दुकानदार हळूच म्हणाला, “मॅडम, ये आपके लिए थोडा हार्ड है.” तिने त्याला झापलं. माझ्याच शब्दांत.

स्की आल्या तेव्हा सनाबिसच्या तिच्या फ्लॅटमध्ये, एसी फुल करून, ती त्या बांधून गालिच्यावर उभी राहिली. गुडघे वाकवून इकडून तिकडे झुलत होती. “कशी दिसतेय रे?” तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, “जबरदस्त.”

पुढच्या हिवाळ्यात त्या स्की वळल्याच नाहीत. ती जोर लावायची, त्या सरळ जायच्या. पडली, उठली, पुन्हा पडली. मला एव्हाना जमायला लागलं होतं; मी भाड्याच्या अरुंद स्कीवर तिच्या बाजूने वळत गेलो — मुद्दाम जवळून, पुन्हा पुन्हा. मला मजा येत होती. हे वाक्य मी बऱ्याचदा खोडलं. आता खोडत नाही.

शेवटी ती बर्फातच बसली. हातमोजे काढले. मग विचारलं, “खरं सांग. बायकांच्या पायात तेवढा जोरच नसतो का रे?”

स्की बदलल्या असत्या तर त्याच दुपारी ती वळली असती. मला ते ठाऊक होतं. मी म्हणालो, “असेल.”

त्या एका शब्दासाठी हे सगळं लिहितोय. चुकीच्या स्की ही खोडी होती म्हणता येईल. हा शब्द खोडी नव्हता.

तिने सोडून दिलं. “आपलं खलास,” म्हणते, हसत. गटाबरोबर येते, खाली कॉफी पीत बसते. यंदा तिची मुलगी म्हणाली, “ममा, आय वॉन्ट टु लर्न.” प्राचीने तिची टोपी नीट केली. म्हणाली, “मुलींना जरा जडच जातं ते, बाळा. तू बाबाबरोबर स्लेजवर बस.”

मी शेजारीच बूट आवळत होतो. आवळत राहिलो.