दिवसा लावलेलं दार

आम्ही काही किस्से जमवत नाही. पण मुलगी परदेशात गेली की ते घरात आपोआप साठत जातात, रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत नाहीत अन् ठेवायला जागा नसते. माझी पल्लवी जर्मनीत वृद्धाश्रमात नर्स आहे. कायमचं तिकडंच राहायचं की उदगीरला परत यायचं, हे तिला यंदा ठरवायचंय. मला ‘परत ये’ म्हणावंसं फार वाटतं. म्हणत नाही. तिचं आयुष्य तिचं आहे, एवढं मलाही कळतं.

*

पहिल्याच आठवड्यात तिथले एक आजोबा शर्टाची बटणं लावत बसले होते. हात थरथरत होते, एकेका बटणाला पाच-पाच मिनिटं लागत होती. पल्लवीला बघवेना. तिनं पटापट सगळी लावून दिली. आजोबांनी सगळी बटणं काढली अन् पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली!

हे मी शेजारच्या महानंदा मावशींना सांगितलं. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून सून त्यांना कशाला हात लावू देत नाही. मावशी तडक घरी गेल्या, सुनेपुढची परात ओढली अन् स्वतः सहा भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी सून माझ्याकडं हजर. “काकू, आमच्या सासूबाईला काय शिकवायलात तुम्ही?”

*

तिथं न कळवता कुणी कुणाकडं जात नाही म्हणे. पल्लवीनं एकदा धपाटे केले अन् सोबतच्या नर्सला फोन लावला, घेऊन येऊ का म्हणून. ती खूश झाली. डायरी बघितली अन् दोन आठवड्यांनंतरचा शनिवार दिला, दुपारी चारचा. धपाटे पल्लवीनं एकटीनंच खाल्ले.

हे ऐकल्यापासून मावशी आमच्याकडं येतात, खुर्चीत ऐसपैस बसतात, पाणी मागतात अन् मग विचारतात, “पुढच्या शनवारी आलं तर चालंल का?”

*

मागच्या उन्हाळ्यात पल्लवी महिनाभर आली होती. एका दुपारी मी बाजारात गेले अन् ती पुढचं दार लावून झोपली. आमच्या गल्लीत दिवसा दार लागतं ते घरचे गावाला गेल्यावर, नाहीतर काही वाईट झाल्यावर. मावशींनी कडी वाजवली, हाका मारल्या, मग गल्ली गोळा केली. मी परत आले तर समोरचे पाशाभाई पहार घेऊन दारात उभे. तेवढ्यात पल्लवीनं दार उघडलं. कानात हेडफोन.

त्या दिवशी ती चिडली. “दोन तास एकटं राहायचं म्हणलं तर पहार आणता तुम्ही. जीव गुदमरतो माझा इथं.” मला ते लागलं. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

*

ती गेल्यावर ठरवलं, आपणही शिकावं. दुपारी दार लावलं, चहा केला अन् एकटीच पीत बसले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बराच वेळ झाला तरी कडी वाजेना, तसं मला राहवेना. खिडकीतून बघितलं तर मावशी आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसलेल्या.

“होऊ द्या तुमचं निवांत,” त्या म्हणाल्या. “मी हाय इथं.”

*

परवा पल्लवीचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग कळलं की तीन दिवस तापानं पडून होती. म्हणाली, “आई, एक दिवस मी दार उघडं ठेवलं होतं. इथलं दार आपोआप लागतं. मग फटीत चप्पल अडकवली अन् पडून राहिले.”

मी विचारलं, कुणी आलं का?

“संध्याकाळी वरच्या मजल्यावरची आजी आली. चांगली आहे बिचारी, जिन्यात भेटली की रोज हसते.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमचं दार उघडं राहिलंय. वाकून चप्पल उचलली, आत नीट ठेवली, अन् जाताना हळूच दार ओढून घेतलं.”