बंद कोठीतला वाळ्याचा वास

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी फौजदार होतो. तिथून माझी बदली माहूरकडे झाली, तीही ऐन दुष्काळात. डोंगरामागच्या खोऱ्यात निजामाच्या काळातल्या जहागीरदारांच्या उन्हाळी कोठ्या होत्या. बहुतेकींना कुलपं लागलेली.

एका कोठीची म्हातारी मालकीण बेपत्ता झाली. पुतण्या ठाण्यात येऊन म्हणाला, "रखवालदारानंच घात केला." आम्ही कोठीची झडती घेतली. हाती काही लागलं नाही. पुतण्याला काकूपेक्षा रखवालदाराच्या अटकेचीच घाई, हे मला खटकलं. तरी रखवालदाराला सकाळीच चौकशीला आणून बसवलं.

दुपारी तेंदूपानं तोडणारी एक बाई आली. "साहेब, ओढ्यापल्याडच्या बंद कोठीतून ओल्या वाळ्याचा वास येऊन राहिला रोज. आमाला प्यायाला पाणी न्हाई, अन् तिथं पडदे कोन भिजवून राहिलं?"

खिडकीला वाळ्याचे पडदे लावून ते भिजवायचे, म्हणजे आत गारवा राहतो, ही त्या कोठ्यांची जुनी रीत. पण माणूसच नसलेल्या घरात?

रखवालदाराचं एकच पालुपद, "मला काय बी ठावं न्हाई." मारहाणीनं तो बोलला नसता, असली माणसं मार खाऊन आणखी घट्ट होतात. मी शांतपणे विचारलं, "सकाळपासून तू इथं बसलास. आज तिकडचे पडदे कोण भिजवणार?"

त्यानं खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि ताडकन उठला. "चला साहेब, लौकर चला! मरतील बाईसाहेब!"

जीपमध्ये सगळं बाहेर आलं. जमीन नावावर करून घ्यायला पुतण्यानं काकूला तिथं कोंडलं होतं. तोंड उघडलंस तर तिला जित्ती ठेवणार न्हाई, ही रखवालदाराला धमकी. म्हणून हा रखवालदार आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी रोज बाहेरून पडद्यावर ओतायचा, आत तिला गारवा मिळावा एवढ्यासाठी.

पंचांसमक्ष कुलूप तोडलं. बाई भिंतीला टेकून पडली होती, ओठ फुटलेले, पण जिवंत. देवा! मी पाण्याचा तांब्या तिच्या ओठांना लावला. पाणी पिऊन ती उठली आणि तिनं रखवालदाराच्या थोबाडीत मारली. "रोज तुझा खोकला ऐकत होते रे मी. पडदा भिजवलास, कडी नाही तोडलीस!"

तो मान खाली घालून रडत राहिला.

पुतण्याला त्याच संध्याकाळी अटक झाली. पण मला शिकवून गेली ती ती थप्पड. तोवर मी भित्रा आणि मायाळू अशी माणसांची वाटणी करायचो. त्या दिवशी दोन्ही एकाच माणसात पाहिले, आणि बाईचा जीव त्याच्यातल्या भीती आणि मायेच्या ओढाताणीत जाता जाता राहिला.