चारशे ओळी, एकच पिनकोड

ऑफिसात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. इंटरनेट पुरवणाऱ्या त्या कंपनीचं नेटवर्क ती बारा वर्षं सांभाळत होती, आणि चुकीचं काही दिसलं की तिला गप्प राहवायचं नाही.

त्या सकाळी रिसेप्शनपाशी एक शिंपीणबाई उभी होती. गळ्यात टेप, कपाळाला पट्टी.

"चौथ्यांदा येतेय मी. कुणाचा फोन चोरीला जातो, कुणाला कोणी ऑनलाइन धमकावतं, आणि लोक येतात माझ्या दारात! काल एकाने दगड मारला. पोलीस म्हणतात, तुमच्या कंपनीचं इंटरनेट नकाशात माझ्या घरी दिसतं."

"तक्रार नोंदवलीय," रिसेप्शनवरची मुलगी मान वर न करता म्हणाली.

ठिणगीने बाईंना आत नेऊन बसवलं आणि फाईल उघडली. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता असतो. कुठले पत्ते कुठल्या गावात वापरले जातात, याची यादी कंपनीच जाहीर करते, आणि ती वाचून नकाशेवाले ठिपका टाकतात. यादीत गावापर्यंतच लिहायचं. इथे मात्र चाळीस गावांच्या चारशे ओळींत गावाऐवजी एकच पिनकोड होता, कंपनीच्या जुन्या गोदामाचा. नकाशेवाले पिनकोडाच्या भागाच्या मधोमध ठिपका टाकत, आणि तिथल्या गल्लीत नेमकं होतं बाईंचं घर.

यादी तिच्या साहेबांनी भरली होती. ती त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"अहो, पिनकोडचा रकाना रिकामा दिसत होता, वरचाच आकडा खाली ओढला," साहेब हसले. "ती फाईल वाचतंय कोण?"

"वाचणारे दगड घेऊन जातात, साहेब! बाहेर येऊन त्या बाईंचं कपाळ बघा."

"बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. हात लावायचा नाही."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारपर्यंत तिने तो रकाना पुसला, प्रत्येक ओळीत खरं गाव लिहिलं, यादी जाहीर केली आणि नकाशेवाल्यांना स्वतःच्या नावाने पत्रं धाडली. संध्याकाळी मेमो आला. 'चूक दुरुस्त केली, पुन्हा करीन,' असं त्यावर लिहून तिने सही ठोकली.

नकाशांच्या तीन कंपन्यांनी आठवड्यात ठिपका हलवला. चौथीने कळवलं, 'आमची माहिती अचूक आहे.' तिला ठिणगीने रोज फोन करून दीड महिना भंडावून सोडलं, तेव्हा कुठे तो हलला.

मग ती बाईंच्या घरी गेली.

"आता कोणी येत नाही गं," बाई म्हणाल्या. "पण कडी वाजली की अजून हातातली सुई सुटते."

साहेब त्या गल्लीत अजून एकदाही गेलेले नाहीत.